आम्हाला 'अविभाज्य घटक' म्हणू नका

'मुस्लीम समाज हा या देशाचा अविभाज्य घटक आहे.' हे वाक्य ऐकले नाही असा मुसलमान महाराष्ट्रात सापडणे कठीण. ईद मिलनाच्या व्यासपीठावर, रमजानमधल्या इफ्तारच्या कार्यक्रमात, निवडणुकीच्या आधीच्या सभेत आणि दंगलीनंतरच्या शांतता समितीच्या बैठकीत हे वाक्य हमखास येते. बोलणारा ते मनापासून बोलतो. आपल्यातले वडीलधारे माना डोलावतात, टाळ्या पडतात, शीरखुर्मा वाढला जातो. आपला सन्मान झाला असे समजून सगळे घरी जातात.

माझा या वाक्याला आक्षेप आहे. बोलणाऱ्याच्या नियतीवर मी शंका घेत नाही. आक्षेप शब्दाला आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि मराठी शिकवते. दिवसभर शब्दांची फोड करणे आणि संख्यांचे अवयव पाडणे हेच माझे काम. त्यामुळे कोणी 'अविभाज्य' म्हटले की माझे कान टवकारतात.

पहिला प्रश्न साधा आहे. हे वाक्य कोणाबद्दल बोलले जाते? 'सातारा हा भारताचा अविभाज्य भाग आहे' असे कोणी कधी म्हणाले आहे काय? 'शेतकरी हा या देशाचा अविभाज्य घटक आहे' असा ठराव कोणत्या सभेने केला? तशी कोणाला गरजच वाटत नाही. काश्मीरबद्दल मात्र तसे म्हणावे लागते. 22 फेब्रुवारी 1994 रोजी संसदेने तसा ठरावच केला, कारण तिथे वाद होता. ज्या वस्तूबद्दल वाद आहे, शंका आहे, भीती आहे, तिलाच 'अविभाज्य' हे विशेषण चिकटते. आमच्या समाजाला ते चिकटले याचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात कुठेतरी 1947 ची फाळणी बसलेली आहे. ज्यांचे आजोबा इथेच राहिले, इथेच जगले, इथल्याच कब्रस्तानात गेले, त्यांच्या नातवंडांना पंचाहत्तर वर्षांनंतरही 'तुम्ही वेगळे नाही बरे का' असे समजावून सांगितले जाते. ज्याला वेगळे धरलेलेच नाही त्याची अशी समजूत कोणी काढत नाही.

आता शब्दाची फोड करू. अ, वि, भाज्य. 'अविभाज्य' हा शब्द स्वतः तीन तुकड्यांचा आहे! त्यात आधी 'विभाज्य' येते आणि मग त्याच्यापुढे नकाराचा 'अ' उभा राहतो. म्हणजे वाटणीची कल्पना आधी करायची आणि मग ती नाकारायची. अखंड, अभंग, अतूट, अविभक्त हे सगळे शब्द असेच आहेत. खंड, भंग, तूट, विभक्त आधी डोळ्यांसमोर येते, मग 'अ' लावून ते पुसले जाते. उर्दूचीही तीच तऱ्हा. आपले उर्दू वक्ते 'जुज़्व-ए-लायन्फ़क' असा भारदस्त शब्द वापरतात. जुज़्व म्हणजे भाग, आणि 'ला' हा नकार. निराळा न होणारा भाग. दोन्ही भाषांत अखंडतेची सुरुवात नकारानेच.

आणि 'घटक' या शब्दाचे काय? घटक म्हणजे यादीत मोजता येणारी गोष्ट. मिश्रणाचे घटक असतात, अभ्यासक्रमाचे घटक असतात, घटक चाचणी असते. मोजणारा बाहेर उभा असतो आणि घटक टेबलावर मांडलेले असतात. 'तुम्ही या देशाचे अविभाज्य घटक आहात' असे म्हणणारा स्वतःला घटक समजत नाही. तो स्वतःला देश समजतो. त्याला कोणी उलट म्हणून पाहावे, 'साहेब, आपला समाजही या देशाचा अविभाज्य घटक आहे.' तो चमकून बघेल. त्या चमकण्यातच माझ्या आक्षेपाचे उत्तर आहे.

न तुटलेल्या वस्तूला नकाराशिवायचे शब्द मराठीत नाहीत असे नाही. सगळा, अवघा, सलग, सबंध हे आहेतच. शिवाय आणखी दोन आहेत. 'डोके शाबूत ठेव' यातला शाबूत आणि 'शिर सलामत तर पगडी पचास' यातला सलामत. हे दोन्ही अरबीतून आले. शाबूत हा 'साबित'चा भाऊ, आणि सलामत ज्या धातूचा त्याच धातूचा सलाम आणि त्याच धातूचा इस्लाम. मराठी माणसाला आपले डोके धडावर टिकवायचे असते तेव्हा तो यातलाच एखादा शब्द उच्चारतो. तो कुठून आला हे त्याला माहीत नसते, आणि माहीत असण्याची गरजही नसते. जे खरोखर वेगळे करता येत नाही ते असेच असते. त्याची कोणी घोषणा करत नाही.

मराठीच्या तासाला मी मुलांना जोडशब्द शिकवते. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, मानमरातब, रीतिरिवाज, लाजशरम, मोलमजुरी, अंगमेहनत. व्याकरणाच्या पुस्तकात यातले काही शब्द 'अंशाभ्यस्त' या प्रकारात येतात. मुले ते पाठ करतात आणि गुण मिळवतात. मी त्यांना एक पायरी पुढे नेते. कागद फारसी, पत्र संस्कृत. बाजार फारसी, हाट देशी. धन संस्कृत, दौलत अरबी. मोल इथले, मजुरी फारसी. अंग इथले, मेहनत अरबी. एकाच अर्थाचे दोन शब्द दोन दिशांनी आले आणि एकमेकांचा हात धरून बसले. कोणी कोणाला हाकलले नाही, कोणी कोणाला 'तू माझा अविभाज्य घटक' म्हणाले नाही.

गणिताच्या तासालाही तेच. मराठी माध्यमातली मुले ज्याला 'वजाबाकी' म्हणतात तो अख्खा शब्द अरबीच्या दोन शब्दांचा आहे. भागाकार संस्कृत, पण भागाकार करून जे उरते ती 'बाकी' अरबी. जमाखर्च, रक्कम, हिशेब यांच्याशिवाय मराठी दुकानदाराची वही लिहून होत नाही. 'थकबाकी' या शब्दात थकणारा मराठी आहे आणि बाकी अरबी. थकबाकीच्या बाबतीत तरी हिंदू-मुस्लीम ऐक्य पूर्ण झाले आहे असे मानायला हरकत नाही.

हे ऐक्य सोडवण्याचे प्रयत्न झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. नव्या राज्याला आपली परिभाषा हवी असते, त्यात वावगे काही नाही. पण पुढे काय झाले पाहा. पेशवा या फारसी शब्दाला 'पंतप्रधान' असा प्रतिशब्द मिळाला, तरी अठराव्या शतकाला मराठी माणूस आजही 'पेशवाई'च म्हणतो. चिटणीस, पारसनीस, सबनीस, पोतनीस या आडनावांच्या शेवटी जो 'नीस' आहे तो फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. मुजुमदार, दफ्तरदार, इनामदार यांतला 'दार'ही तिकडचाच. ही आडनावे अभिमानाने लावणाऱ्या घराण्यांना कोणी 'आडनाव शुद्ध करा' म्हणून सांगायला गेले नाही.

विसाव्या शतकात सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात भाषाशुद्धीची चळवळ जोरात चालवली. दिनांक, महापौर हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. माधव जूलियन तर फारसीचे जाणकार. 1925 मध्ये त्यांचा फार्शी-मराठी कोश आला आणि 1938 मध्ये त्यांनीच भाषाशुद्धीची बाजू मांडणारा 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला. मी स्वतः दिनांक लिहिते, महापौर म्हणते. शब्द चांगले आहेत. भाषेत नवा शब्द आला तर घर मोठेच होते. माझे भांडण नव्या शब्दाशी नाही. भांडण आहे ते जुन्या शब्दाला 'परका' ठरवून बाहेर काढण्याच्या कारणाशी. आणि भाषेने तरी कुठे ऐकले? अर्जावर 'दिनांक' छापला गेला, पण कोर्टात आजही 'तारीख' पडते. लग्नाचीही तारीखच ठरते.

अगदी अलीकडचे उदाहरण अकोला जिल्ह्यातल्या पातूरचे. तिथल्या नगर परिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूत नाव लिहिलेले होते. पाटीवर उर्दू 1956 पासून चालत आली आहे असे नगर परिषदेचे म्हणणे. तरी त्यावर हरकत घेतली गेली. 2022 चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा पुढे करण्यात आला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. 15 एप्रिल 2025 रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी ते फेटाळले. मराठीबरोबर आणखी एका भाषेत नाव लिहायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू याच भूमीत जन्मलेली भाषा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अदालत, हलफनामा, वकालतनामा हे कोर्टाचे रोजचे शब्द कुठून आले याचीही आठवण निकालपत्रात करून दिली आहे.

मला गंमत वेगळीच वाटते. उर्दू पाटीविरुद्ध जायचे तर काय काय करावे लागते? 'हरकत' घ्यावी लागते, 'तक्रार' करावी लागते, 'अर्ज' द्यावा लागतो, 'वकील' गाठावा लागतो, 'दाद' मागावी लागते. अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहिली म्हणून पाटी खुपते, पण ती उतरवण्यासाठी लागणारा एकेक शब्द त्याच वाटेने मराठीत आलेला असतो.

इथपर्यंत वाचून आपल्या बाजूचे काही वाचक खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावे. पुढचे त्यांच्यासाठी आहे.

आपल्याकडेही एक 'अविभाज्य' आहे. उर्दू आणि इस्लाम यांचे नाते म्हणे चोली-दामनचे. उर्दू गेली की दीन गेला. आणि मराठी? मराठी 'त्यांची' भाषा. उर्दू शाळांच्या शिक्षकखोल्यांत हे 'त्यांची' मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येण्याऐवजी कंटाळा येतो. मुलांना 'मराठी सुलभभारती' हातात मिळते आणि आईबाप सांगतात, पास होण्यापुरते कर. मग हाच मुलगा मोठा होऊन तलाठ्याच्या, पोलिसाच्या, स्पर्धा परीक्षेच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याची जीभ अडखळते. त्याचे खापर आपण सरकारवर फोडतो. काही खापर सरकारचे आहेच. पण 'त्यांची' हा शब्द सरकारने आपल्या तोंडात घातलेला नाही.

उर्दूचे व्याकरण उघडून बघा. आना, जाना, खाना, पीना, उठना, बैठना ही सगळी क्रियापदे इथल्या मातीतली. नामे अरबी-फारसी असतील, पण वाक्य उभे राहते ते इथल्या पायांवर. शिवाय ही भाषा एकट्या मुसलमानांची कधी नव्हती. प्रेमचंद, कृश्न चंदर, फिराक गोरखपुरी यांना वगळून उर्दूचा अभ्यासक्रम तयार करून दाखवा. आणि आपल्या घरातली दखनी? सोलापूरपासून हैदराबादपर्यंत आपण 'नक्को' म्हणतो, 'अब्बीच आती' म्हणतो. हा 'नको' मराठीचा. हा 'च' मराठीचा. नामे तर कोणीही कोणाकडून उसनी घेते. मोबाईल आला, मोबाईल शब्द आला. पण नकार देण्याचा शब्द आणि जोर देण्याचा प्रत्यय माणूस सहसा उसना घेत नाही. ते आईच्या दुधाबरोबर येतात. आपण जेव्हा ठासून 'नक्को' म्हणतो तेव्हा मराठीतच म्हणतो. कोकणातल्या मुसलमानांच्या घरात तर बोलीच मराठीच्या कुळातली. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले, शाहमुनी 'सिद्धांतबोध' लिहून गेले, शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी आपला आवाज पणाला लावला. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा तिथे जमलेल्यांनी मराठी भाड्याने आणली नव्हती.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. 'अविभाज्य' हा शब्द इतका गोड का लागतो आणि तो वापरला की पुढे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे. माझे म्हणणे असे की, जिथे हिस्सा द्यायचा नसतो तिथे 'अविभाज्य' शब्द वापरला जातो.

घरापासून सुरुवात करू. बाप गेल्यावर भाऊ बहिणींना बोलावतात. 'घराचे तुकडे नकोत, आपण सगळे एकच आहोत', असे म्हणत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बहीण माहेर टिकावे म्हणून सही करते. सगळ्या समाजांत हे चालते, आपल्यात तर बिनदिक्कत चालते. वास्तविक सूरह निसाच्या सातव्या आयतीत स्पष्ट सांगितले आहे की, आईबापांनी आणि जवळच्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मग ती थोडी असो की जास्त, आणि तो हिस्सा ठरवून दिलेला आहे. तिथे हिस्सा या अर्थी जो अरबी शब्द आहे तो कोणता? 'नसीब'. होय, तोच. मराठीत येता येता त्याचे 'नशीब' झाले. 'किस्मत'चीही तीच कथा. तक़सीम म्हणजे वाटप. त्याच धातूपासून आलेला 'किस्मत' हा शब्द मुळात वाटणीचा, वाट्याला आलेल्या भागाचा. आपल्या बायकांच्या हातातून हिस्सा गेला आणि फक्त नशीब उरले. बहिणीला 'तुझे नशीब' असे म्हणणाऱ्या भावाने त्या शब्दाचा मूळ अर्थ वाचावा आणि मग निबंधकाच्या कार्यालयाचा रस्ता धरावा.

शेजारच्या घरातही वेगळे नव्हते. 'अविभक्त हिंदू कुटुंब' हा शब्द केवढा भरदार! पण त्या अविभक्त कुटुंबात मुलीला जन्माने सहदायकाचा हक्क महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीने आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. तोवर कुटुंब अविभक्त होते, कारण अर्ध्या माणसांचा त्यात हिस्साच नव्हता. ज्याला वाटाच नाही तो वाटणी कशी मागणार?

समाजाच्या पातळीवर हेच मोठ्या आकारात घडते. न्या. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. 2001 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत 13.4 टक्के असलेल्या मुसलमानांचे प्रमाण आयएएसमध्ये 3 टक्के आणि आयपीएसमध्ये 4 टक्के आढळले. महाराष्ट्रात डॉ. महमूदुर रहमान यांच्या अभ्यासगटाचा अहवाल 2013 मध्ये सरकारकडे गेला. 2014 च्या जुलैमध्ये मुस्लिमांमधल्या मागासांसाठी 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातले मात्र राहू दिले. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही. या सगळ्या वर्षांत इफ्तारचे कार्यक्रम चालूच होते, आणि प्रत्येक कार्यक्रमात आम्ही अविभाज्य घटक होतोच.

कोणी म्हणेल, हिस्सा मागणे म्हणजेच वाटणी मागणे. तुम्ही हिस्सा हिस्सा करू लागलात की देशाचे तुकडे पडतील. हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला आहे आणि तो साफ खोटा आहे. ज्या वस्तूचे तुकडे करता येत नाहीत, तिच्यातही हिस्सा असतो. तुम्ही फ्लॅटमध्ये राहता ना? तुमच्या इमारतीचा जिना कापून वाटता येत नाही. लिफ्टचे चार भाग केले तर ती कोणालाच वर नेणार नाही. गच्ची सगळ्यांची. महाराष्ट्राच्या 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात अशा सामाईक जागेत प्रत्येक फ्लॅटमालकाचा न विभागलेला हिस्सा धरला आहे, आणि तो टक्क्यांत लिहून ठेवावा लागतो. म्हणून कोणी जिना फोडला नाही. उलट हिस्सा लिहिलेला असतो म्हणूनच चौथ्या मजल्यावरचा माणूस पहिल्या मजल्यावरच्याला 'जिन्यातून जाऊ नको' असे म्हणू शकत नाही. आपल्या हनफी फिकहमध्येही अशा सामाईक, न वाटलेल्या हिश्शाला 'मुशाअ' असा स्वतंत्र शब्द आहे. जी वस्तू वाटलीच जाऊ शकत नाही तिच्यातला आपला मुशाअ हिस्सा माणूस दुसऱ्याला हिबा म्हणजे बक्षीस देऊ शकतो, आणि कायद्याच्या पुस्तकांत त्याचे एक उदाहरण जिन्याचेच असते. म्हणजे 'वस्तू अविभाज्य आहे' या सबबीवर हिस्सा बुडवायला ना देशाचा कायदा परवानगी देतो, ना शरियत.

देश हा जिन्यासारखा आहे. त्याचे तुकडे आम्हाला नकोत. जिन्यावर आमच्या नावासमोर किती टक्के लिहिले आहेत, एवढेच आम्ही विचारतो. लिहिले आहेत की नुसतेच 'हा जिना तुमचाही अविभाज्य आहे' म्हणून हार घालता?

गणिताच्या तासाला मी मुलांना दोन प्रकारच्या संख्या शिकवते. मूळ संख्या, उर्दूत मुफ़रद अदद. तिला एक आणि ती स्वतः यांशिवाय दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही. ती अभेद्य, आणि एकटी. दुसरी संयुक्त संख्या. बारा घ्या. तीन चोक बारा. बारातून तीन हा अवयव काढून टाकला तर बारा थोडे लहान होत नाहीत, बारा उरतच नाहीत, चार उरतात. मराठी गणिताने यासाठी 'अवयव' हा किती नेमका शब्द निवडला आहे! हाताला कोणी शरीराचा 'अविभाज्य घटक' असल्याचे प्रमाणपत्र देत नाही. त्याला रक्त पुरवतात.

काही मित्र सुचवतात की 'घटक' नको असेल तर 'एकजीव व्हा' म्हणू, 'मुख्य प्रवाहात या' म्हणू. त्यांना मी समासाची आठवण करून देते. तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते, पहिले गौण. द्वंद्व समासात दोन्ही पदे प्रधान. मीठभाकर म्हटले की मीठ विरघळून नाहीसे होत नाही आणि भाकरही मिठासाठी आपले नाव बदलत नाही. शिवाय या समाहार द्वंद्वात ताटातल्या बाकीच्या जिन्नसांचाही समावेश असतो. आम्हाला विरघळायचे नाही, आणि बाजूलाही बसायचे नाही. आम्हाला द्वंद्व समास हवा. 'द्वंद्व' म्हणजे भांडण एवढाच अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सहावी-सातवीचे व्याकरण पुन्हा काढून वाचावे.

तेव्हा माझ्या मागण्या मी मांडून ठेवते. व्यासपीठावरच्या साहेबांनी पुढच्या ईदला ते वाक्य गाळावे आणि त्याऐवजी आपल्या तालुक्यातल्या उर्दू शाळेत गणिताची आणि मराठीची किती पदे रिकामी आहेत, ती कधी भरणार, तेवढे सांगावे. भाषण लहान होईल, पण टाळ्या खऱ्या पडतील. भाषाशुद्धीवाल्यांनी खुशाल नवे शब्द घडवावेत, आम्ही ते वापरू. जुन्यांचा दाखला मागू नये. उर्दूच्या शिक्षकांनी आणि पालकांनी 'त्यांची मराठी' हे दोन शब्द तोंडातून काढून टाकावेत. मुलांना मराठी 'पास होण्यापुरती' शिकवणे म्हणजे त्यांच्या नावाने एक हक्कसोडपत्र लिहून देणे होय. आणि घरोघरच्या भाईजानांनी येत्या रमजानच्या आधी बहिणींची सह्या केलेली कागदपत्रे पेटीतून बाहेर काढावीत. कागद फारसी आहे, पत्र संस्कृत आहे, पण त्यात बुडवलेला हिस्सा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा आहे.

हिस्सा जागेवर आला की आम्ही काय आहोत ते कोणाला सांगावे लागणार नाही.